पुणे परिसरातील आरागिरण्या : उदय, बंदी आणि आपला समाज

आपल्या समाजाच्या वार्षिक अंकासाठी इतिहासपर लेख लिहावयाचा झाला म्हणजे लेखक बहुधा प्रभू विश्वकर्म्यापासून आरंभ करतात आणि पेशवाईतील वाड्यांच्या नक्षीकामापाशी येऊन थांबतात. तो इतिहास गौरवाचा आहे, यात संशय नाही. परंतु ज्या घटनांनी आपल्या घरांतील मिळकत वाढविली आणि पुढे हिरावून नेली, त्या अगदी अलीकडच्या आहेत. १९९६-९७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी विनापरवाना आरागिरण्या बंद झाल्या आणि लाकूड चिरण्याच्या धंद्यावर पोट असलेली अनेक माणसे रिकामी झाली. हे का घडले, त्यात योग्य काय व अयोग्य काय, आणि हिंजवडी परिसरातील आपल्या कुटुंबांवर त्याचा परिणाम कसा झाला, याचा यथामती विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सुतार आणि झाड

आरागिरणी येण्यापूर्वी लाकूड माणसाच्या बळाने चिरले जाई. ओंडका उंच घोडीवर चढवावयाचा, एकाने वर व दुसऱ्याने खाली उभे राहावयाचे आणि लांब करवत दिवसभर ओढावयाची, अशी ती रीत होती. गावगाड्यात सुतार हा बलुतेदारांपैकी एक प्रमुख. मुळशीच्या भातखाचरांत लागणारे नांगर, कुळव व बैलगाडीची चाके तो करी आणि सुगीच्या वेळी खळ्यावर बलुते घेई. नांगराला बाभूळ, घराला साग, नाही तर ऐन किंवा जांभूळ, हे ज्ञान त्याला वडिलांकडून मिळे. झाड कोठे आहे, ते केव्हा तोडावयाचे आणि किती दिवस मुरू द्यावयाचे, हे सारे त्याला ठाऊक असे.

झाडाविषयीची मर्यादा आपल्या राज्यकर्त्यांनाही माहीत होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या लाकडाविषयी स्पष्ट सूचना आहेत. सागवानासारखे लाकूड परवानगीने तोडावे व कमी पडल्यास परमुलखातून विकत आणावे. आंबा-फणसासारखी झाडे मात्र वर्षा-दोन वर्षांत वाढत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, म्हणून त्यांस हात लावू नये. एखादे जीर्ण झाड घेणेच झाले तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा त्यांचा आशय आहे. लाकूड हवे, पण झाडाच्या धन्याचे नुकसान नको, हा विवेक तीन शतकांपूर्वीचा आहे. पुढे त्याची आठवण ठेवावी लागणार आहे.

पुण्यातील शनिवारवाड्याचे काम १७३० मध्ये सुरू झाले. त्यासाठी साग जुन्नरच्या रानांतून आणि दगड आपल्या शेजारच्या चिंचवडच्या खाणींतून आणला, असे सांगतात. १८२८ च्या आगीत त्या वाड्याचा लाकडी भाग जळून गेला आणि दगडी तट तेवढा उरला.

इंग्रजी अंमल आणि जंगल

इंग्रजांना जहाजांसाठी साग हवा होता. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही १८१७ सालची सागवानी युद्धनौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही जतन करून ठेविलेली आहे. त्यानंतर आगगाडी आली. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे मार्ग झाला, १८५८ मध्ये खंडाळा-पुणे मार्ग झाला आणि १८६३ मध्ये बोरघाटाचे काम पुरे होऊन मुंबई व पुणे ही शहरे सलग रुळांनी जोडली गेली. रुळांखालील स्लीपरांसाठी आणि भट्ट्यांच्या सरपणासाठी जंगलांवर मोठाच भार पडला.

जंगलांवरील भाराची जाणीव झालेला एक सरकारी अधिकारी आपल्याच परिसरातील होता, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसेल. हिंजवडीपासून काही कोसांवर असलेल्या दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांस १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक नेमण्यात आले. पुढे १८६५, १८७८ व १९२७ असे वनकायदे झाले आणि जंगल हे सरकारी खाते बनले. ज्या रानातून सुतार लाकूड व शेतकरी सरपण आणी, तेथे शिपाई उभा राहिला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात या खात्याच्या जुलमावर कठोर टीका केली आहे. जंगलाचे रक्षण आणि गरिबाची अडचण या दोन्ही गोष्टी एकाच कायद्यातून निघतात, हा अनुभव आपल्याकडे तेव्हापासूनचा आहे.

आरागिरणीचे युग

विजेची सोय झाली, पट्ट्याची करवत म्हणजे बॅण्डसॉ आला आणि दोन माणसांचे दिवसभराचे काम घटकाभरात होऊ लागले. पुण्याच्या भवानी पेठेतील लाकूडबाजार हे या व्यापाराचे केंद्र झाले. कच्छहून आलेल्या पाटीदार बंधूंनी या धंद्यात मोठे भांडवल व अपार कष्ट घातले. तेथील वखारींतून व आरागिरण्यांतून मिस्त्री आणि कारागीर म्हणून आपले लोक, ओझ्यासाठी हमाल, आणि इतर जातिधर्मांचे मजूर एका छपराखाली काम करीत.

पिंपरी-चिंचवडच्या कारखानदारीने या धंद्यास नवे बळ दिले. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पाहता पाहता माळरानावर कारखाने उभे राहिले. यंत्रे व सुटे भाग बाहेर पाठवावयाचे तर लाकडी खोकी पाहिजेत, कामगारांची घरे बांधावयाची तर चौकटी, दारे व वासे पाहिजेत. त्याच सुमारास शेतात ट्रॅक्टर व लोखंडी नांगर येऊ लागले, बैलगाडीला रबरी चाके लागली आणि गावातील सुताराचे बलुते आटले. गावचे काम सुटलेला सुतार आरागिरणीत गेला. अशा रीतीने आरागिरणीने आपल्या समाजास एका पिढीपुरता आधार दिला, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

आरागिरणीतील कामाची वाटणीही पाहण्यासारखी होती. ओंडका गाड्यावर चढविणारे निराळे. पात्यासमोर उभा राहून कोणत्या बाजूने कापल्यास फळी अधिक निघेल हे ठरविणारा मिस्त्री निराळा. पलीकडून फळी झेलणारा निराळा. आणि बोथट पाते उतरवून त्यास धार व ताण देणारा कारागीर तर सर्वांत मानाचा. ढलप्या भट्ट्यांना व हॉटेलांना जात, भुसा घरोघरच्या भुशाच्या शेगड्यांना जाई, आणि तो भरण्याचे काम पुष्कळदा स्त्रिया करीत.

लाकूड मोजण्याची रीत पाहा. ओंडक्याचा घेर सुतळीने घ्यावयाचा, सुतळीच्या चार घड्या घालून चौथा हिस्सा काढावयाचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणावयाचे. घेर ४८ इंच व लांबी १२ फूट असेल तर चौथा हिस्सा १२ इंच म्हणजे एक फूट, त्याचा वर्ग एक चौरस फूट, आणि माप १२ घनफूट. भूमितीच्या नियमाने त्याच ओंडक्याचे घनफळ सव्वापंधरा घनफुटांहून किंचित अधिक भरते. मधला फरक साल, ढलप्या व भुसा यांच्यासाठी सोडलेला असतो. शाळेची पायरी न चढलेले मिस्त्री हा हिशेब तोंडी करीत. वर्गात घनफळाचा धडा शिकविताना मी हेच उदाहरण घेत असे, कारण ते मुलांना पाठ्यपुस्तकातील उदाहरणापेक्षा लवकर समजे.

न्यायालयाचा आदेश

निलगिरीच्या जंगलांतील वृक्षतोडीविरुद्ध टी. एन. गोदावर्मन तिरुमलपाद यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली होती. तीवर १२ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने सर्व देशास लागू होणारा आदेश दिला. ‘वन’ या शब्दाचा अर्थ कोशातील अर्थाप्रमाणे घ्यावा, मालकी कोणाचीही असो. आणि केंद्र सरकारच्या संमतीवाचून वनात वनेतर कामे चालू देऊ नयेत, त्यांत आरागिरण्याही आल्या, असा त्याचा मथितार्थ होता. त्यानंतर ४ मार्च १९९७ च्या आदेशात महाराष्ट्र व उत्तर प्रदेश या दोन राज्यांचा नावाने उल्लेख झाला. या राज्यांतील विनापरवाना आरागिरण्या, तसेच व्हेनिअर व प्लायवूडचे कारखाने तत्काळ बंद करावेत आणि पुढील आदेशापर्यंत नवा परवाना देऊ नये, असे न्यायालयाने फर्माविले. २००२ मध्ये केंद्रीय अधिकारप्राप्त समिती नेमली गेली आणि तिच्या संमतीवाचून कोणत्याही राज्यास नवी आरागिरणी उघडू देता येईना.

न्यायालयाने आरागिरणीवरच बोट का ठेविले, हे समजून घेतले पाहिजे. जंगलातून निघणाऱ्या ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याची खूण असते व त्याबरोबर वाहतुकीचा पास असतो. ओंडका आहे तोवर तो कोठून आला हे सांगता येते. परंतु तो एकदा चिरून फळ्या झाल्या की चोरीचे लाकूड व हक्काचे लाकूड यांत भेद उरत नाही. म्हणून चोरी थांबवावयाची तर ज्या ठिकाणी खूण पुसली जाते तेच ठिकाण ताब्यात घेतले पाहिजे. हे तर्कशास्त्र बिनचूक आहे. सह्याद्रीचे डोंगर उघडे पडलेले ज्यांनी पाहिले आहेत, ते या आदेशाच्या हेतूस नावे ठेवणार नाहीत. जंगल संपले तर सुतारही संपला, हे आपल्याइतके कोणास कळणार?

प्रश्न हेतूचा नव्हता, अंमलबजावणीचा होता. बंदी असतानाही राज्यातील काही लाकूड-कारखान्यांना चालू राहण्याची मुभा दिली गेली. त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १० मे २००६ रोजी माजी वनमंत्री सुरूपसिंग नाईक आणि वनखात्याचे प्रधान सचिव अशोक खोत यांस न्यायालयाच्या अवमानाबद्दल एक महिन्याच्या साध्या कैदेची शिक्षा सुनावली. ज्याच्यापाशी मंत्रालयापर्यंत पोहोचण्याची शक्ती होती त्यास काही काळ तरी वाट सापडली. ज्याच्यापाशी ती नव्हती त्याच्या पट्ट्याची करवत पहिल्याच तपासणीत थांबली, असा याचा सरळ अर्थ निघतो.

मजुराचे काय झाले?

न्यायालयास मजुरांचा विसर पडला होता, असे म्हणता येणार नाही. बंदीमुळे थांबलेल्या कारखान्यांतील कामगारांना त्या कारणाकरिता कामावरून काढू नये व त्यांचे वेतन चालू ठेवावे, असेही त्या आदेशांत म्हटलेले होते. शब्द दयेचे होते; परंतु ते कोणाच्या उपयोगी पडणार? ज्याचे नाव मस्टरवर आहे, त्याच्या. जी आरागिरणी परवान्यावाचून चालत होती, ती मजुरांचे मस्टर तरी कोठून ठेवणार? आठवड्याच्या बाजाराला हातावर मजुरी मोजून घेणारा माणूस आपण तेथे दहा वर्षे काम केले हे कशाच्या आधारे सिद्ध करणार? मालकाने परवाना नसल्याची शिक्षा भोगली ती गिरणी बंद पडून. मजुराने तीच शिक्षा भोगली, आणि त्याने तर परवाना कधी पाहिलाही नव्हता.

१९६९ चा माथाडी कायदा महाराष्ट्राने देशात प्रथम केला आणि पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने ओझे वाहणाऱ्यास संघटनेचे बळ दिले. ज्यांची नोंद झाली त्यांस त्याचा लाभ झाला. परंतु लहान गिरणीत पात्यासमोर उभा राहणारा मिस्त्री स्वतःस हमालांत धरीत नसे, आणि कारखान्याच्या कामगारांतही त्याची गणना होत नसे. बोटांची पेरे गमावलेले कित्येक मिस्त्री आपल्या नात्यागोत्यांत आहेत. त्यांच्यापाशी अपघाताचाही कागद नाही.

मालकवर्गापैकी पुष्कळांनी पुढची वाट शोधली. नवा परवाना मिळेनासा झाल्यामुळे जुना परवाना हीच एक मालमत्ता झाली. कोणी कांडला बंदरातून येणारे परदेशी लाकूड विकू लागले, कोणी प्लायवूडची दुकाने घातली. पात्याला धार लावणाऱ्यापाशी मात्र धार लावण्याची विद्या सोडून दुसरे भांडवल नव्हते.

केवळ आदेशाने झाले काय?

इतिहास लिहिताना एकाच कारणावर सारा दोष टाकणे योग्य नव्हे. आदेश निघण्यापूर्वीच लाकडाचा उपयोग कमी होऊ लागला होता. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने १९९३ मध्ये सरकारी इमारतींत लाकूड वापरण्यास बंदी केली. ती २०२० मध्ये उठली. रेल्वेने काँक्रीटचे स्लीपर घातले. चौकटी लोखंडाच्या, खिडक्या ॲल्युमिनियमच्या व दारे कारखान्यात दाबून तयार झालेली, अशी नवी पद्धत रूढ झाली. १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने सागाचे ओंडके परदेशी पाठविणे बंद केले, तेव्हा आयातीवर जगणाऱ्या वखारींनाही धक्का बसला. शिवाय शहर वाढले, तसे वखारीच्या जागेचे मोल वखारीच्या धंद्याहून कितीतरी अधिक झाले.

हिंजवडीत हे सारे एकाच वेळी दिसून येते. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस येथे औद्योगिक विकास महामंडळाचे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान आकारास येऊ लागले. ज्या काळात आरागिरण्या बंद झाल्या, त्याच काळात माण, मारुंजी, वाकड व हिंजवडी या गावांत काचेच्या व पोलादाच्या इमारती चढत होत्या. बांधकाम इतके मोठे होते की पूर्वीच्या हिशेबाने शेकडो सुतारांस वर्षानुवर्षे काम पुरावे. प्रत्यक्षात कचेऱ्यांची मेजे व कपाटे दुसरीकडच्या कारखान्यांतून सुटी येत आणि येथे केवळ स्क्रूने जोडली जात.

शाळेत असताना दाखल-खारीज रजिस्टरातील ‘पालकाचा व्यवसाय’ हा रकाना मी अनेक वर्षे भरला. आपल्या समाजाच्या मुलांपुढे आरंभी ‘सुतारकाम’ असे, मग ‘आरागिरणीत नोकरी’ येऊ लागले, त्यानंतर ‘मजुरी’, आणि अखेरच्या वर्षांत ‘सुरक्षा रक्षक’ व ‘हाउसकीपिंग’. यांपैकी कोणतेही काम हलके नव्हे. परंतु आजोबांच्या हातातील विद्या नातवाच्या हाती न येता रकान्यातील शब्द तेवढे बदलत गेले, याचे दुःख वाटल्याखेरीज राहत नाही.

आपले कर्तव्य

असो. झाल्या गोष्टीचा केवळ शोक करून भागणार नाही. काळ पुन्हा थोडा फिरला आहे. २०१६ मध्ये केंद्र सरकारने लाकूडउद्योगांसाठी नवी मार्गदर्शक तत्त्वे काढून परवान्याचे काम राज्यस्तरीय समित्यांकडे दिले. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाची कीर्ती अयोध्येपर्यंत गेली आणि २०२३ मध्ये तेथील राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान रवाना झाले. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांमध्ये सुतारकामाचा समावेश झाला आणि प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये व दोन हप्त्यांत ३ लाख रुपयांपर्यंत कर्ज, अशी तरतूद तीत करण्यात आली. योजनेचा लाभ घ्यावयाचा तर प्रथम आपली नोंद झाली पाहिजे, ही गोष्ट समाजबांधवांनी विसरू नये. आपल्या तरुणांनी प्लायवूड व बोर्डाच्या कामास कमी लेखू नये, आणि कापण्याच्या नव्या यंत्रांचे शिक्षण अवश्य घ्यावे. मात्र त्याबरोबर साग कोणता व ऐन कोणता, रेषा कोणत्या दिशेस जाते, हे हातात लाकूड घेऊन सांगणारी वडील माणसे अद्याप हयात आहेत, त्यांच्याजवळ चार दिवस बसावे.

नव्या कायद्यांकडे पाहताना ‘आज्ञापत्रा’तील विवेक हीच आपली कसोटी असावी. झाडाचे रक्षण व्हावे, पण ज्याचे नुकसान होईल त्यास मोल द्यावे. १९९७ मध्ये पहिला अर्धा भाग पाळला गेला. दुसरा मजुराच्या दारापर्यंत पोहोचला नाही. तो पोहोचला नाही याचे मुख्य कारण हे की त्या मजुराचे नाव कोठेच लिहिलेले नव्हते.

म्हणून मंडळापुढे एक लहानशी सूचना ठेवितो. ज्या ज्या कुटुंबातील व्यक्तीने आरागिरणीत किंवा वखारीत काम केले असेल, त्या कुटुंबाने त्या व्यक्तीचे नाव, काम, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत केले आणि काम सुटल्यावर पुढे काय केले, एवढा मजकूर एका कागदावर लिहून कार्यवाहांकडे द्यावा. स्त्रियांनी भुसा भरला असेल तर तेही लिहावे. मंडळाने त्याची एक वही करावी. खर्च काही नाही. एक शाळकरी मुलगा आजोबांजवळ बसला तर एका संध्याकाळी हे काम होईल. मालकाच्या मस्टरवर जी नावे चढली नाहीत, ती निदान आपल्या वहीत असावीत.